ब्रॉन्बी : दोन गावांचा एक संघ

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. या शहराच्या पश्चिम वेशीबाहेर ब्रॉन्बी नावाची वस्ती आहे. डॅनिश लिपीत या नावाच्या पोटात एक 'ड' असतो. तो लिहायचा, परंतु उच्चारायचा नाही, असा त्या भाषेचा शिरस्ता. एकेकाळी येथे या नावाची दोन खेडी होती. एक ब्रॉन्बी-वेस्टर, म्हणजे पश्चिमेची ब्रॉन्बी. दुसरी ब्रॉन्बी-ओस्टर, म्हणजे पूर्वेची. दोहोंच्या मध्ये शेते होती. दुसऱ्या महायुद्धानंतर राजधानी फुगत गेली, शहरात घर न परवडणारी कामगार कुटुंबे पश्चिमेकडे सरकली, आणि शेतांच्या जागी प्रथम बैठी घरे व पुढे काँक्रीटच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. आज जिला ब्रॉन्बी नगरपालिका म्हणतात, ती लोकसंख्येने पस्तीस-चाळीस हजारांच्या आतली. एवढ्याशा वस्तीच्या फुटबॉल संघाने युरोपातील धनाढ्य शहरांच्या संघांना घाम फोडला, देशाच्या राष्ट्रीय संघाला निम्म्याहून अधिक खेळाडू पुरवले, आणि दोनदा स्वतःला दिवाळखोरीच्या काठावर नेऊन ठेवले. त्या संघाची ही हकिकत.

या दोन्ही गावांचे स्वतंत्र क्रीडामंडळ होते. पश्चिमेचे १९०९ सालचे, पूर्वेचे १९२८ चे. दोन शेजारी गावांची मंडळे एक करणे किती अवघड असते, हे गावात राहिलेल्या वाचकांना मी सांगायला नको. कोणाचे नाव आधी, कोणाचा अध्यक्ष, कोणत्या मैदानावर खेळायचे, जर्सीचा रंग कोणता, अशा प्रश्नांवर पिढ्यान्‌पिढ्या बोलणे टाकलेली माणसे आपण पाहिली आहेत. ब्रॉन्बीकरांनी ३ डिसेंबर १९६४ रोजी हा पूल ओलांडला व दोन मंडळांचे एक मंडळ केले. या विलीनीकरणामागे केल रासमुसेन नावाचा एक कार्यकर्ता होता. पश्चिमेच्या मंडळात फुटबॉल विभागाची धुरा तो वाहत असे. दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, तो नगराध्यक्ष झाला व पुढे जवळजवळ चार दशके त्या पदावर राहिला. खेळाच्या मैदानाला नगरपालिकेचा आधार मिळाला तो असा. नव्या संघाची जर्सी पिवळी, चड्डी निळी.

तथापि या नव्या संघाकडे राजधानीतील जुन्या क्लबांनी ढुंकूनही पाहिले नसणार. कोपनहेगनमध्ये फुटबॉल हा मूळचा सुशिक्षित, सुखवस्तू वर्गाचा खेळ. १८७६ साली स्थापन झालेला 'के.बी.' हा क्लब युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरील सर्वांत जुन्या क्लबांपैकी एक मानला जातो. विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा 'ए.बी.' नावाचा क्लब होता. अणुशास्त्रज्ञ नील्स बोर काही काळ त्याचे गोलरक्षक होते, आणि त्यांचे धाकटे बंधू, गणितज्ञ हाराल्ड बोर, यांनी १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या संघातून रौप्यपदक मिळवले होते. खेळ हा खेळासाठी, त्याचे पैसे घेणे गैर, ही या वर्गाची धारणा. पोटापाण्याची विवंचना ज्यांना नाही, त्यांना हे तत्त्व पाळणे सोपे जाते, असे माझे मत आहे.

या तत्त्वाचा काच मात्र फार मोठा होता. डेन्मार्कची फुटबॉल संघटना १८८९ सालची. तिने धंदेवाईक खेळाला देशात थारा दिला नाही. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या संघातील जॉन हान्सेन, कार्ल ओगे हान्सेन आणि कार्ल ओगे प्रेस्त हे तिघे पुढे इटलीतील युव्हेंटस क्लबात गेले. जो परदेशी जाऊन खेळाचे पैसे घेईल, त्याला राष्ट्रीय संघाचे दार बंद, असा नियम होता. हाराल्ड नील्सेन हा १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील रौप्यपदक विजेत्या संघाचा आघाडीपटू. तो बोलोन्याला गेला, १९६३ आणि १९६४ अशी लागोपाठ दोन वर्षे इटलीच्या साखळीत सर्वाधिक गोल करणारा ठरला, परंतु मायदेशाच्या संघातून खेळणे त्याच्या नशिबी उरले नाही. हा नियम १९७१ मध्ये उठला. देशातल्या देशात खेळाडूला मोबदला देण्याची मुभा मिळायला १९७८ साल उजाडावे लागले. तोवर डेन्मार्क हे जणू दुसऱ्यांच्या क्लबांसाठी रोपे वाढवणारे वाफे होते.

ब्रॉन्बीचा उदय या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. १९७३ साली दोन माणसांनी या क्लबाची दिशा पालटली. एक होते डॉ. पेर ब्येरेगार्ड. पेशाने वैद्य, स्वतः याच क्लबाचे खेळाडू. त्या वर्षी ते अध्यक्ष झाले आणि पुढील तीन दशकांहून अधिक काळ क्लबाचा श्वास व त्यांचा श्वास वेगळा काढता येऊ नये, अशी स्थिती होती. दुसरा फिन लाउड्रप, राष्ट्रीय संघातून खेळलेला, नावाजलेला खेळाडू. तो खालच्या श्रेणीतील या उपनगरी संघाकडे खेळाडू व प्रशिक्षक म्हणून आला. त्याच्यासोबत त्याचे दोन लहान मुलगे आले. थोरला मायकेल, त्याचा जन्म १९६४ चा, म्हणजे क्लबाचाच समवयस्क. धाकटा ब्रायन. ही दोन पोरे ब्रॉन्बीच्या हिरवळीवर वाढली. संघ पायरी पायरीने वर चढत गेला आणि १९८२ मध्ये देशाच्या सर्वोच्च श्रेणीत दाखल झाला.

त्या श्रेणीतील पहिल्याच सामन्यात ब्रॉन्बीने 'बी १९०१' या संघावर ७-१ असा विजय मिळवला, मध्यंतरी के.बी. क्लबात जाऊन परत आलेल्या मायकेलने त्यात दोन गोल केले. तो अठराव्या वर्षात होता. त्या वर्षाचा देशातील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याची निवड झाली आणि पुढच्या वर्षी, १९८३ मध्ये, युव्हेंटसने त्याला नेले. नंतर बार्सेलोना व रिआल माद्रिद या दोन हाडवैरी क्लबांतून त्याने स्पेनचे साखळी विजेतेपद सलग पाच वर्षे मिळवले. ब्रॉन्बीत तो पूर्ण मोसम खेळला तो एकच. क्लबाने घडवायचे व जगाने न्यायचे, हा क्रम पहिल्याच मोहऱ्यापासून सुरू झाला.

१९८५ साली ब्रॉन्बीने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. वीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या संघाने शतकाची परंपरा सांगणाऱ्यांना मागे टाकले. पुढच्या वर्षी डॉ. ब्येरेगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे पाऊल उचलले, ते अधिक धाडसाचे. डेन्मार्कमध्ये मानधन घेणे आता वैध होते खरे, पण बहुतेक खेळाडू दिवसभर कचेरीत, शाळेत किंवा कारखान्यात काम करून संध्याकाळी सरावाला येत. ब्रॉन्बीने १९८६ मध्ये खेळाडूंना पूर्णवेळ पगारी नेमले. सकाळी सराव, दुपारी सराव. देशातील असा हा पहिला क्लब. फळ लगेच दिसले. त्याच वर्षी युरोपियन चषकाच्या पहिल्या फेरीत हंगेरीच्या होन्वेद संघाला त्यांनी ४-१ असे हरवले आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे पोर्तुगालच्या पोर्तोने त्यांना दोन सामने मिळून अवघ्या एका गोलाने मागे सारले. त्या वर्षीचा चषक पोर्तोनेच जिंकला. १९८७ मध्ये ब्रॉन्बीचे भाग कोपनहेगनच्या शेअरबाजारात विक्रीला आले. गावच्या फुटबॉल मंडळाचा भाव रोज सकाळी वर्तमानपत्रात छापून येऊ लागला. युरोपात हे फारच थोड्या क्लबांनी केले होते.

आता या काळातील संघाकडे वळतो, कारण अशी मोट पुन्हा बांधली गेली नाही. गोलजाळ्यापाशी पीटर श्मायकेल, सहा फूट चार इंचांचा, सोनेरी केसांचा, आपल्याच बचावफळीवर खेकसणारा. त्याचे वडील पोलंडहून आलेले संगीतकार. १९८७ मध्ये शेजारच्या विदोव्रे क्लबातून तो आला आणि पाच मोसमांत चार विजेतेपदांचा वाटेकरी झाला. त्याच्या पुढे लार्स ओल्सेन, शांत डोक्याचा संघनायक. काही काळ उंचापुरा केंट नील्सेन. आणि १९९० पासून नायजेरियाहून आलेला उचे ओकेचुक्वू. मध्यफळीत दोघे. जॉन येन्सेन, तगडा व अविश्रांत धावणारा, पण गोल करण्यात इतका कंजूष की त्यावर विनोद होत. आणि किम विल्फोर्त, काटकुळा, उंच, फ्रान्समधील लील क्लबातून १९८६ मध्ये परतलेला. किम क्रिस्टॉफ्ते कुठेही खेळू शके. आघाडीला बेंट क्रिस्टेन्सेन. १९९० व १९९१ या दोन्ही वर्षी देशात सर्वाधिक गोल त्याचे. ब्रायन लाउड्रप १९८९ पर्यंत होता, मग तोही थोरल्या भावाप्रमाणे परदेशी गेला. प्रशिक्षक मॉर्टेन ओल्सेन. राष्ट्रीय संघाचा हा माजी नायक संघाला चेंडू पायात ठेवून खेळायला शिकवी.

१९९०-९१ च्या यूएफा चषकात या संघाने जे केले, ते डेन्मार्कमध्ये कोणत्याही क्लबाने तोवर केले नव्हते. जर्मनीचा आइन्त्राख्त फ्रँकफुर्ट ब्रॉन्बीत येऊन ०-५ असा हरून गेला. परतीच्या सामन्यात फ्रँकफुर्टने ४-१ असा सूड घेतला, पण पाचांची शिदोरी पुरली. मग बुडापेस्टचा फेरेन्त्सवारोश, मग लेव्हरकुसेन. उपांत्यपूर्व फेरीत मॉस्कोच्या तोर्पेदोशी बरोबरी झाली व निर्णय पेनल्टी किकांवर गेला. श्मायकेलच्या हातांनी तो ब्रॉन्बीच्या बाजूने लागला. उपांत्य फेरीत गाठ पडली ए.एस. रोमाशी. ब्रॉन्बीत गोलशून्य बरोबरी. २४ एप्रिल १९९१ रोजी रोममध्ये दुसरा सामना. सामना संपायला दोन-तीन मिनिटे उरली होती, गोलफलक १-१ दाखवत होता, आणि परक्या मैदानावरील गोल अधिक मोलाचा या तेव्हाच्या नियमाने ब्रॉन्बी अंतिम फेरीत पोहोचत होती. तेवढ्यात रूडी फ्योलरने गोल केला. डेन्मार्कमधील पन्नाशीच्या वरच्या कोणाही फुटबॉलप्रेमीला त्या गोलाबद्दल विचारावे. तो कोठे बसून पाहिला, हेही सांगेल.

त्या उन्हाळ्यात मोट सुटली. श्मायकेल मँचेस्टर युनायटेडला, ओल्सेन तुर्कस्तानात त्राब्झोनला, क्रिस्टेन्सेन जर्मनीत शाल्केला.

परंतु पुढच्या वर्षी ती एका अर्थी पुन्हा बांधली गेली, निळ्या-पिवळ्या नव्हे, तांबड्या-पांढऱ्या पोशाखात. १९९२ च्या युरोपियन स्पर्धेसाठी डेन्मार्क पात्र ठरला नव्हता. युगोस्लाव्हिया यादवी युद्धात होरपळत होता, संयुक्त राष्ट्रसंघाने निर्बंध घातले आणि स्पर्धा सुरू होण्यास जेमतेम दहा दिवस असताना त्या संघाला वगळून डेन्मार्कला बोलावणे आले. दुसऱ्याच्या घरातील आगीमुळे आपल्याला आलेले हे निमंत्रण होते, याचे भान ही कथा सांगताना सहसा राहत नाही, म्हणून येथे नोंदवतो. मायकेल लाउड्रप प्रशिक्षकाशी मतभेद झाल्याने संघाबाहेर होता. तरीही हा संघ अंतिम फेरीत पोहोचला. २६ जून १९९२ रोजी गॉथेनबर्ग येथे विश्वविजेत्या जर्मनीविरुद्ध मैदानात उतरलेल्या अकरांपैकी सात जण ब्रॉन्बीचे आजी वा माजी खेळाडू होते : श्मायकेल, केंट नील्सेन, लार्स ओल्सेन, क्रिस्टॉफ्ते, विल्फोर्त, येन्सेन आणि ब्रायन लाउड्रप. डेन्मार्कने २-० असा विजय मिळवला. पहिला गोल केला त्या कंजूष जॉन येन्सेनने. दुसरा किम विल्फोर्तने.

या विल्फोर्तविषयी थोडे अधिक लिहिणे मला अगत्याचे वाटते. त्या दिवसांत त्याची लहान मुलगी रक्ताच्या कर्करोगाने आजारी होती. साखळीतील फ्रान्सविरुद्धच्या सामन्याच्या वेळी तो स्वीडनमधील छावणी सोडून डेन्मार्कला तिच्या उशाशी गेला होता. घरच्यांनीच त्याला परत धाडले. उपांत्य सामन्यात तो नेदरलँडविरुद्ध खेळला, पेनल्टी किकांच्या निर्णायक मालिकेत त्याने आपली किक जाळ्यात मारली, आणि चार दिवसांनी अंतिम सामन्यात अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला त्याचा डाव्या पायाचा फटका खांबाला लागून आत गेला. सारा देश रस्त्यावर येऊन नाचत होता. काही आठवड्यांनी ती मुलगी वारली. मृत मुलांच्या मातापित्यांच्या घरी जाण्याचा प्रसंग माझ्यावर पुष्कळदा आला आहे. अशा बापाने त्या आनंदाच्या गर्दीत स्वतःला कसे सावरले असेल, याची कल्पना मी करू धजत नाही. येन्सेन आर्सेनलला गेला, क्रिस्टॉफ्ते कोलोनला गेला. विल्फोर्त ब्रॉन्बीतच राहिला. १९९८ पर्यंत खेळला आणि नंतरही क्लबाच्या तरुण खेळाडूंच्या कामात राहिला.

तो राहिला ते वर्ष क्लबाच्या इतिहासातील सर्वांत काळे. मैदानावरील यश व शेअरबाजारातील पैसा यांच्या जोरावर ब्रॉन्बीच्या चालकांना एक बँक विकत घेण्याची बुद्धी झाली. बँकेचे नाव इंटरबँक. हेतू उघड होता : फुटबॉलचे उत्पन्न चंचल, आज चेंडू जाळ्यात जातो, उद्या जात नाही, बँकेचा नफा मात्र वर्षानुवर्षे येत राहील आणि त्यावर क्लब निर्धास्त चालेल. हिशेब कागदावर चुकीचा नव्हता. पण या व्यवहारात हाफ्निया नावाची विमा कंपनी गुंतलेली होती, आणि १९९२ च्या ऑगस्टमध्ये, युरोपियन चषकाच्या मिरवणुकीला दोन महिने होत नाहीत तोच, हाफ्नियाने आपली देणी थांबवल्याचे जाहीर केले. व्यवहार कोसळला, बोजा क्लबाच्या माथी आला. कोट्यवधी क्रोनरचे हे ओझे फुटबॉलच्या तिकिटांतून फिटण्यासारखे नव्हते. धनकोंशी तडजोडी झाल्या, खेळाडू विकावे लागले, आणि क्लब कसाबसा तगला.

डॉ. ब्येरेगार्ड यांना या प्रकरणी दोष देणारे तेव्हाही होते. मला स्वतःला ते लोभी गृहस्थ वाटत नाहीत. ज्या माणसाने खालच्या श्रेणीतील संघ रोमच्या दारापर्यंत आणला, त्याला आपल्या पाठीमागे क्लबाचे काय होईल ही चिंता वाटणे स्वाभाविक होते. पण ज्या धंद्यातले आपल्याला कळत नाही, तो धंदा आपल्या लाडक्या वस्तूच्या रक्षणासाठी करू जाणे, यातला धोका वैद्याला कळायला हवा होता. वैद्य तर रोज इतरांना हेच सांगत असतो.

आणखी एक गोष्ट त्याच उन्हाळ्यात घडली. १ जुलै १९९२ रोजी राजधानीतील ११६ वर्षांचा के.बी. आणि 'बी १९०३' हे दोन जुने क्लब आपले वरिष्ठ संघ एकत्र करून 'एफ.सी. कोपनहेगन' या नावाने उभे राहिले. उपनगरातल्या पोराने जे १९६४ मध्ये केले, ते शहरातील आजोबांना अठ्ठावीस वर्षांनी करावे लागले. पहिल्याच मोसमात, १९९३ मध्ये, त्यांनी विजेतेपद पटकावले. तेव्हापासून या दोन क्लबांचे वैर हा डॅनिश फुटबॉलचा मुख्य विषय आहे. त्या सामन्यांना स्टेडियम दुथडी भरून वाहते. पोलिसांचा बंदोबस्त लावावा लागतो. ब्रॉन्बीच्या दक्षिणेकडील प्रेक्षागारात उभे राहून गाणाऱ्यांची निष्ठा कोणालाही भारावून टाकील, पण त्या गर्दीत डोकी फोडण्यासाठी येणारे थोडे नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

ओझे डोक्यावर असतानाही ब्रॉन्बी उठली. प्रशिक्षक होते एबे स्कौदाल. १९९५ च्या शरद ऋतूत लिव्हरपूलच्या अँफील्ड मैदानावर डॅन एगेन या बचावपटूने डोक्याने मारलेल्या एका गोलावर त्यांनी त्या बलाढ्य संघाला यूएफा चषकातून बाहेर काढले. वर्षभराने कार्ल्सरुहे संघाकडून घरी १-३ असा मार खाल्ल्यावर जर्मनीत जाऊन ५-० असा विजय मिळवला. १९९६, १९९७ आणि १९९८ अशी सलग तीन विजेतेपदे आली. १९९८ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या गटात त्यांची गाठ बायर्न म्युनिक, बार्सेलोना व मँचेस्टर युनायटेड या तिघांशी पडली. बायर्नला त्यांनी २-१ असे हरवले. युनायटेडने मात्र त्यांच्यावर एकदा सहा व एकदा पाच गोल चढवले. समोरच्या गोलजाळ्यात उभा होता तो त्यांचाच श्मायकेल. त्या मोसमाचा अंतिम सामना बायर्न आणि युनायटेड यांच्यातच झाला.

पुढे नॉर्वेचे ओगे हारेइदे यांच्या काळात २००२ चे विजेतेपद आले आणि त्याच वर्षी प्रशिक्षक म्हणून परतला मायकेल लाउड्रप. साहाय्यक म्हणून त्याच्या शेजारी बसला जॉन येन्सेन. २००५ मध्ये ब्रॉन्बीने साखळी व राष्ट्रीय चषक दोन्ही जिंकले. मे महिन्यात कोपनहेगनवर मिळवलेला ५-० असा विजय आजही तेथील भिंतींवर रंगवलेला आढळतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्या संघात पाचशेहून अधिक सामने एकाच क्लबासाठी खेळणारा पेर नील्सेन होता, स्वीडनचा योहान एल्मांडर होता, थोमास कालेनबर्ग होता आणि वीस वर्षांचा डॅनियल आगर होता. आगर २००६ च्या जानेवारीत लिव्हरपूलला गेला. बाकीचेही पांगले. लाउड्रपनेही २००६ मध्ये क्लब सोडला.

त्यानंतरची सोळा वर्षे मी भरभर ओलांडतो, कारण विजेतेपद नाही, वारंवार बदलणारे प्रशिक्षक आहेत आणि आटत चाललेली तिजोरी आहे. राजधानीच्या क्लबाने या काळात विजेतेपदांच्या संख्येत ब्रॉन्बीला गाठले व मागे टाकले. २०१३ साली दुसऱ्यांदा दिवाळखोरी दारात उभी राहिली. त्याच वसंतात संघ खालच्या श्रेणीत ढकलला जाण्याच्या बेतात होता. मोसमाच्या शेवटच्या दिवशी होर्सेन्स संघाला हरवून तो वाचला. नवे भागभांडवल उभारले गेले. यान बेक आनसेन नावाच्या उद्योजकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी मोठा वाटा उचलला. पण शेअरबाजारात आलेल्या त्या पहिल्या दिवसापासून या क्लबाचे हजारो लहान भागधारक आहेत. घरात चौकटीत लावण्यापुरता एखादा भाग घेणारे आजोबा, नातवाच्या नावावर भाग घेणारी आजी. अशा भागांतून नफा कधी आला नाही. घेणाऱ्यांनाही ते ठाऊक होते.

२४ मे २०२१ रोजी नॉर्सेलँड संघावर २-० असा विजय मिळवून ब्रॉन्बीने अकरावे विजेतेपद मिळवले. सोळा वर्षांनी. प्रशिक्षक नील्स फ्रेडेरिक्सेन, संघनायक आंद्रेआस माक्सो. मिकाएल ऊरे याने १९ गोल करून देशात पहिला क्रमांक मिळवला. जर्मन गोलरक्षक मार्विन श्वेबे, चपळ येस्पर लिनस्ट्रॉम आणि वयाची विशीही न गाठता मध्यफळीत झगडणारा मॉर्टेन फ्रेन्ड्रुप हे या संघाचे आधार. आता त्यांचे काय झाले पाहा. श्वेबे व लिनस्ट्रॉम त्याच उन्हाळ्यात जर्मनीला गेले. लिनस्ट्रॉमला नेणारा क्लब म्हणजे १९९० साली ब्रॉन्बीत पाच गोल खाऊन गेलेला तोच आइन्त्राख्त फ्रँकफुर्ट. २०२२ च्या जानेवारीत फ्रेन्ड्रुप जेनोआला गेला, ऊरे अमेरिकेत फिलाडेल्फियाला. त्यापुढच्या जानेवारीत माक्सोही अमेरिकेत गेला. दीड वर्षात संघाचा कणा निघून गेला. १९९१ मध्ये असेच झाले होते, २००५ नंतर असेच झाले. फरक एवढाच की पूर्वी विक्री ही आपत्ती मानली जाई. आता तो जमाखर्चातील नेहमीचा रकाना झाला आहे. उपनगरातल्या क्लबाने पूर्णवेळ पगार देण्याचा जो रस्ता १९८६ मध्ये खुला केला, त्या रस्त्याने अधिक पगार देणारेही येऊ शकतात, हे त्यातच आले.

२०२२ च्या शरद ऋतूत अमेरिकन गुंतवणूकदारांच्या एका गटाने क्लबातील बहुसंख्य भाग विकत घेतले. समर्थकांनी त्यास कडाडून विरोध केला. फलक लागले, सभा झाल्या. विरोधकांचा मुद्दा पैशाचा नव्हता. पैसा हवा होता हे त्यांनाही मान्य होते. ज्यांनी कधी ब्रॉन्बी-वेस्टर आणि ब्रॉन्बी-ओस्टर यांच्यामधून सायकल चालवली नाही, त्यांनी या संघाचे भवितव्य का ठरवावे, असा त्यांचा सवाल होता. बाजूने बोलणारे म्हणत, की भाग बाजारात ठेवले त्याच दिवशी, १९८७ मध्ये, हा सवाल निकालात निघाला होता. दोघांचेही म्हणणे मला पटते, आणि म्हणूनच हा वाद लवकर मिटेल असे वाटत नाही.

२६ मे २०२४ रोजी मोसमाच्या शेवटच्या सामन्याला ब्रॉन्बी व मित्युलान हे संघ सारख्याच गुणांवर होते. ब्रॉन्बीचा सामना घरच्या मैदानावर, ओऱ्हूसच्या ए.जी.एफ. संघाशी. ब्रॉन्बी २-३ अशी हरली. तिकडे मित्युलानने आपल्या सामन्यात ३-३ अशी बरोबरी साधली आणि तेवढ्या एका गुणावर विजेतेपद नेले.

शेअरबाजारातील कंपनी वेगळी आणि १९६४ चे मूळ मंडळ वेगळे, अशी व्यवस्था तेथे आहे. मूळ मंडळ हौशीच राहिले आहे. मोठ्या स्टेडियमला लागून असलेल्या हिरवळींवर मंडळाची मुले-मुली संध्याकाळी खेळायला येतात. त्यांतली पुष्कळशी आज अशा घरांतली आहेत, ज्यांचे आजी-आजोबा तुर्कस्तानातून, पाकिस्तानातून किंवा मोरोक्कोतून या कामगारवस्तीत आले. महिलांचा संघ २००३ पासून अनेकदा राष्ट्रीय विजेता ठरला आहे. मुलांना शिकवणारे बहुतेक जण विनावेतन येतात, दिवसभराचे काम आटोपून, जसे १९८६ पूर्वी वरिष्ठ संघाचे खेळाडू सरावाला येत असत. जर्सी पिवळी, चड्डी निळी.